पहिल्या नजरेचा कट

शाल्मली मगदूमनं गाणं स्वतः लिहिलं होतं, चाल स्वतः लावली होती आणि ते गायचंही आपणच, हे मनाशी ठरवून टाकलं होतं. सांगलीच्या एका कॉलेजात ती माध्यमशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्षअखेरीला प्रत्येक गटाला चार मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ करावा लागे. तिच्या गटात दोघंच होती. दिग्दर्शन आणि एडिटिंग तिच्याकडं, कॅमेरा पार्श्व चौगुलेकडं. गायिका बाहेरून आणायची मुभा होती, पण बाहेरून कशाला? नऊ वर्षं ती दर रविवारी मिरजेला कागवाडेबाईंकडं गाणं शिकायला जात होती.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ती डबा घरी विसरली. धाकटी बहीण ओजस्वी त्याच आवारात कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होती, ती तो घेऊन स्टुडिओत आली.

"ओजू, आलीच आहेस तर जरा माइकसमोर उभी राहा," शाल्मली म्हणाली. "काहीतरी म्हण. मला इथून आवाजाची लेव्हल बघायचीय."

ओजूनं काहीतरी म्हणून तेच गाणं म्हटलं. दोन महिने भिंतीपलीकडून ऐकून तिला ते पाठ झालं होतं.

"उंबऱ्याशी थांबलं पाणी,
विचारतं, येऊ का आत?"

गाणं महापुराचं होतं. दोघी लहान असताना, शाल्मली पाच वर्षांची आणि ओजू तीन, कृष्णेचं पाणी त्यांच्या घरात शिरलं होतं. त्या पाण्याला शाल्मलीनं गाण्यात पाहुणा केलं होतं. दारात अवघडून उभा राहिलेला, घरच्यांची परवानगी मागणारा. तिनं ते तालात, नेटकं बसवलं होतं. ओजूनं "येऊ का" आणि "आत" यांच्यामध्ये किंचित थांबून श्वास घेतला. तो तिथं घ्यायचा नव्हता. पण घेतला, आणि दारात खरंच कोणीतरी उभं आहे असं वाटलं.

पार्श्वनं कानावरचे हेडफोन खाली घेतले. मार्गदर्शक डांगे मॅडम मागं बसून वही तपासत होत्या, त्यांनी मान वर केली.

"ही कोण?"

"माझी बहीण."

"हाच आवाज," मॅडम म्हणाल्या. मग शाल्मलीकडं वळून म्हणाल्या, "तुला काय वाटतं?"

"मलाही तेच वाटलं," शाल्मली म्हणाली. एक क्षणही न थांबता म्हणाली, आणि पुढं कितीतरी दिवस तिला त्याचं मनातल्या मनात कौतुक वाटत राहिलं. डबा मात्र तिनं तसाच परत नेला.

संध्याकाळी ओजूनं घरी तेच गाणं म्हणून दाखवलं. नऊ वर्षं आई शाल्मलीचं गाणं ऐकून "छान" म्हणत आली होती. त्या संध्याकाळी ती काहीच म्हणाली नाही. कणीक मळताना तिचे हात नुसते थांबले. शाल्मलीनं ते पाहिलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

व्हिडिओची आखणी तिच्या हातात होती. नदीकाठच्या एका कॉलनीत दुसऱ्या महापुरानंतर लोकांनी सोडून दिलेला एक तळमजला तिनं हेरला होता. भिंतींवर पाण्याच्या दोन रेषा होत्या, एक कमरेएवढी, एक छातीएवढी. पार्श्वनं फोन फिरवून ती सगळी जागा मापून घेतली. फोनमधून निघणारा अदृश्य प्रकाश भिंतींवर आपटून परत यायला किती वेळ लागतो यावरून तासाभरात त्या घराची हुबेहूब प्रतिकृती टॅबलेटवर तयार झाली. तिच्यात कॅमेरा कुठंही ठेवून बघता येत होतं. त्या खोट्या घरात शाल्मलीनं त्रेसष्ट शॉट लावले. पाणी पायरीवर, पाणी फरशीच्या सांध्यात, पाणी देवळीपाशी. खरं पाणी नव्हतंच, ते नंतर संगणक ओतणार होता.

पार्श्वनं यादी दोनदा खालीवर केली. "ओजस्वी नऊच शॉटमध्ये आहे. त्यातल्या चारांत पाठमोरी."

"गाणं पाण्याचं आहे. नायिका पाणी आहे."

"पण गाणारी?"

"ऐकू येतेय की."

पार्श्वनं टॅबलेट खाली ठेवला. तो तसा कमी बोलणारा मुलगा होता, आणि हे कारण ऐकायला चांगलंही वाटत होतं.

शूटच्या दिवशी ओजूला रिकाम्या खोलीत उभं करून शाल्मलीनं सांगितलं, "घोट्यापर्यंत पाणी आलंय असं समज आणि खिडकीपर्यंत चाल." ओजूनं परकर दोन बोटांनी उचलला. पहिलं पाऊल टाकताना ती थबकली, पाय पाण्यातून सोडवून घेतल्यासारखा वर काढला, आणि पुढं टाकताना फरशी कुठं आहे ते चाचपलं. कोणी शिकवलं नव्हतं. महापूर आला तेव्हा ती आईच्या खांद्यावर होती, तिचे पाय ओलेसुद्धा झाले नव्हते. गुडघाभर पाण्यातून चालली होती ती शाल्मली, एका अनोळखी माणसाचं बोट धरून.

"कट. पुन्हा."

दुसरा टेक झाला, पाचवा झाला, नववा झाला. दर वेळी शाल्मली काही ना काही काढत होती. मान जास्त झुकली, नजर लवकर उचलली, परकर सुरकुतला. कॅमेरा मध्ये बंद करायचा नाही असं तिनं सांगून ठेवलं होतं, म्हणून पार्श्व सलग चित्रण करत होता. जानेवारीतली सकाळ होती आणि फरशी गार होती. ओजू एका पायावर उभी राहून दुसरा पाय पोटरीवर घासायची आणि "पुन्हा" म्हटलं की परत दाराशी जायची.

"पहिलाच टेक चांगला होता," पार्श्व हळूच म्हणाला.

"माहितीय मला."

चौदाव्या टेकनंतर तिनं "झालं" म्हटलं.

आता त्या चष्म्याबद्दल सांगायला हवं.

यंत्रं स्वतःहून गाणी, चेहरे, अख्खे चित्रपट तयार करू लागली, तेव्हा कॉलेजांपुढं प्रश्न उभा राहिला की विद्यार्थ्यानं आणून दिलेलं काम त्याचं आहे हे ओळखायचं कसं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं त्यावर उत्तर काढलं ते डोळ्यांत. आपल्याला वाटतं आपण समोरचं चित्र सलग बघतो. प्रत्यक्षात डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत असतो. जिथं टेकतो तिथं पाव सेकंद थांबतो, मग दुसरीकडं. कुठं टेकायचं हे आपण बहुतेक वेळा ठरवत नाही. शिवाय मेंदूच्या बुंध्याशी निळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. एखाद्या गोष्टीनं आपल्याला आतून धरलं की तो जागा होतो आणि डोळ्यांच्या बाहुल्या मिलिमीटरच्या एखाद्या अंशानं मोठ्या होतात. उजेडानंही बाहुली लहानमोठी होते, पण पडद्यावर किती उजेड आहे हे यंत्राला माहीतच असतं, तेवढा ते वजा करतं. उरतं ते आपलं. चेहरा कोरा ठेवता येतो, आवाज सांभाळता येतो. बाहुली ठरवून मोठी करता येत नाही, लहानही करता येत नाही.

या सगळ्याचा मिळून एक चष्मा बनवला होता. फ्रेमच्या कडेला न दिसणाऱ्या प्रकाशाचे बारीक दिवे आणि मोहरीएवढे दोन कॅमेरे. चित्रण केलेलं सगळं साहित्य विद्यार्थ्यानं पहिल्यांदा बघायचं ते हा चष्मा लावून. पहिल्यांदाच, कारण दुसऱ्यांदा बघणारा माणूस शहाणा झालेला असतो. त्या पहिल्या नजरेची नोंद कामाला जोडली की हे माणसाच्या हातचं आहे हे सिद्ध होई. आणि त्याच नोंदीवरून, जिथं नजर टिकली आणि बाहुली मोठी झाली ते तुकडे गाण्यावर बसवून, यंत्र एक कच्चा व्हिडिओही काढून देई. मुलं त्याला 'नजरेचा कट' म्हणत. तोच वापरला पाहिजे असं बंधन नव्हतं. पण तुमचा अंतिम व्हिडिओ आणि तुमची नजर यांत फार तफावत आली, तर मार्गदर्शकाला आपोआप कळवलं जाई.

शूटच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शाल्मली अकरा नंबरच्या एडिटिंग रूममध्ये बसली. तीन तास चाळीस मिनिटांचं चित्रण होतं. तिनं ते लक्ष देऊन पाहिलं. पाण्याचे शॉट बघायचे आहेत असं स्वतःला बजावत पाहिलं. उन्हाची तिरीप फरशीवर कशी पडलीय, भिंतीवरची रेषा कुठं तुटते, सगळ्याची वहीत टिपणं काढली. पाच वाजता तिनं चष्मा काढला, डोळे चोळले आणि नजरेचा कट लावला.

चार मिनिटं बारा सेकंदांपैकी साडेतीन मिनिटं ओजू होती.

गाणारी ओजू होती, पण तेवढीच नव्हती. दोन टेकच्या मध्ये पोटरीवर पाय घासणारी ओजू होती. पार्श्वनं काहीतरी म्हटलं म्हणून तोंडावर हात धरून हसणारी, कानामागचे केस सोडवणारी, "पुन्हा" ऐकल्यावर अर्धा क्षण डोळे मिटून परत दाराकडं वळणारी ओजू होती. सूर लावण्याआधी तिच्या गळ्याच्या खळगीत एक शीर हलायची. ती शीर तीन वेळा होती, पडदाभर. शाल्मलीनं ती पाहिल्याचं शाल्मलीलाच आठवत नव्हतं. आणि हे सगळं गाण्यावर असं बसलं होतं की जणू पाणी नव्हे, ही मुलगीच कोणाच्या तरी उंबऱ्याशी उभी होती आणि आत यायला विचारत होती.

व्हिडिओ उत्तम झाला होता. हे कळायला तिला एडिटिंगचं शिक्षण लागलं नाही. तिनं फाइल बंद केली. मग आपल्या वहीप्रमाणं त्रेसष्ट शॉटचा व्हिडिओ स्वतः जोडायला घेतला. तीन दिवस खपून तो पूर्ण केला आणि सादर केला. पडद्यावर एक ओळ उमटली: नजर आणि निवड यांतील तफावत अठ्ठ्याहत्तर टक्के. मार्गदर्शकांना कळवले आहे.

डांगे मॅडमनी तिला खोलीत बोलावलं तेव्हा दोन्ही व्हिडिओ पाहून झाले होते.

"तू केलेला स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "चूक काढायला जागा नाही. आणि मला त्यातलं आत्ता काहीही आठवत नाही. हा दुसरा मी सकाळपासून चार वेळा बघितला."

शाल्मली टेबलावरच्या काचेकडं बघत राहिली.

"मला मोठी बहीण आहे," मॅडम म्हणाल्या. "तिनं कधी माझ्याकडं इतकं बघितलं असेल असं वाटत नाही. तुझं बहिणीवर इतकं प्रेम आहे आणि ते कामात आलं म्हणून तू लाजतेस. लपवायला गेलीस. होतं असं."

त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता की शाल्मलीला नाही म्हणता आलं नाही.

मॅडमनी तो व्हिडिओ पार्श्वला दाखवला आणि पार्श्वनं ओजूला. ओजू त्या संध्याकाळी घरी आली ती थेट शाल्मलीच्या खोलीत. दाराशी उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"ताई, तू माझ्याकडं एवढं बघतेस?"

शाल्मलीला वाटलं, हीच वेळ आहे. आत्ता सांगितलं तर दोघींतच राहील. पण ओजू पुढं आली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "मला वाटायचं तुला मी दिसतच नाही." शाल्मलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. ओजूची मान वाकडी झाली तेव्हा ती गळ्याची खळगी शाल्मलीच्या डोळ्यांपासून चार बोटांवर होती.

नजरेचा कट पुढं गेला. शाल्मलीनं त्याच्यावर हात फिरवला, कुठं अर्धा सेकंद वाढवला, खिडकीबाहेर थोडं पाणी ठेवलं. 'येऊ का आत' कॉलेजात पहिला आला आणि पुण्याच्या राज्य विद्यार्थी महोत्सवासाठी निवडला गेला. लोक दोघी बहिणींना एकत्र उभं करून फोटो काढू लागले. एका स्थानिक वाहिनीनं 'ताईची नजर' अशा नावानं पाच मिनिटांची बातमी केली. आईनं ती सगळ्या नातेवाइकांना पाठवली. कागवाडेबाईंनी फोन करून आशीर्वाद दिले आणि शेवटी विचारलं, "तिला कधी पाठवतेस माझ्याकडं?"

शाल्मलीला जे आत होत होतं त्याला तिनं तोपर्यंत नाव दिलं नव्हतं. आता द्यावं लागलं, कारण ते दुप्पट झालं होतं. ओजूला आवाज फुकट मिळाला होता. आई मिळाली होती. कागवाडेबाई मिळणार होत्या. आणि जी एक गोष्ट शाल्मलीची स्वतःची होती, ती नजर, कोणाकडून न शिकलेली, वर्षानुवर्षं एकटीनं जपलेली, तीसुद्धा हार होऊन ओजूच्याच गळ्यात पडली होती. लोक त्या हाराला प्रेम म्हणत होते.

पुण्याला त्या दोघी, पार्श्व आणि मॅडम अशी चौघं गेली. व्हिडिओ दाखवून झाल्यावर परीक्षकांनी बोलायला व्यासपीठावर बोलावलं. तीन परीक्षक होते. मधल्या खुर्चीवर डॉ. सुलभा राजाध्यक्ष होत्या, चष्मा ज्या प्रयोगशाळेत तयार झाला तिथल्या. साठीच्या आसपासच्या, केस बारीक कापलेल्या, अंगात साधा झब्बा. त्यांच्यासमोर शाल्मलीच्या नजरेची नोंद उघडी होती, डोंगररांगेसारखी वरखाली जाणारी.

"मी आजपर्यंत काही हजार नोंदी वाचल्या," त्या म्हणाल्या. "साडेतीन तासांत एवढी शिखरं मी पाहिलेली नाहीत. पण आमच्या यंत्राची एक मर्यादा आहे, ती आम्ही पहिल्यापासून सांगतो. बाहुली किती मोठी झाली ते यंत्र सांगतं. का झाली ते सांगत नाही. आईनं बाळ बघितलं तरी ती मोठी होते, आणि सापाच्या तावडीतल्या माणसानं साप बघितला तरी होते. तर तुम्हीच सांगा. हे काय आहे?"

शाल्मलीनं माइक घेण्याआधी तो ओजूनं घेतला. तिला सभागृहाची भीती वाटेनाशी झाली होती.

"ताईचं माझ्यावर फार प्रेम आहे," ओजू म्हणाली. "ती बोलून दाखवत नाही. पण ते तिच्या डोळ्यांत—"

"नाही," शाल्मली म्हणाली.

तिच्यासमोर माइक नव्हता, तरी पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं. डॉ. राजाध्यक्षांनी हात पुढं करून स्वतःचा माइक तिला दिला.

ती खरेपणासाठी बोलली असं पुढं काहींनी लिहिलं. ते बरोबर नव्हतं. ओजू जे बोलत होती ते ओजूच्या मालकीचं होत चाललं होतं, आणि ते तिला बघवत नव्हतं.

"ते प्रेम नाही," ती म्हणाली. "हा मत्सर आहे. गाणं मी लिहिलं, मला म्हणायचं होतं. हिचा आवाज चांगला निघाला. त्या दिवसापासून मी हिच्याकडं बघतेय, कुठं चुकते ते शोधायला. हिचा गळा, हिचे पाय, हिचं हसणं. चूक सापडत नव्हती म्हणून बघत राहिले. चौदा टेक घेतले ते हिला थंडीत उभं करायला. पहिला बरोबर होता हे मला माहीत होतं. मी केलेल्या व्हिडिओत हिला काढून टाकलं होतं. जे तुम्ही बघितलंत ते यंत्रानं माझ्याकडून काढून घेतलंय. पण ते माझं आहे. हिचं नाही."

ओजू माइक छातीशी धरून उभी होती. तिचा श्वास स्पीकरमधून ऐकू येत होता, मग कोणीतरी तो माइक बंद केला.

डॉ. राजाध्यक्ष म्हणाल्या, "धन्यवाद. नोंदीत तुमचं हे स्पष्टीकरण जोडायला मी सांगते." आणि त्यांनी पुढच्या गटाचं नाव पुकारलं.

परतीच्या बसमध्ये मॅडम आणि पार्श्व पुढं बसले. ओजू खिडकीपाशी बसली, शाल्मली तिच्या शेजारी, कारण दुसरी जागा नव्हती. सातारा आला.

"थंडीचं मला कळलं होतं," ओजू बाहेर बघत म्हणाली. "सहाव्या-सातव्या टेकलाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तेवढा वेळ तू माझ्याकडं बघत होतीस."

शाल्मलीनं तिच्याकडं पाहिलं. ओजूनं पडदा ओढून चेहरा झाकून घेतला.

"आता नको बघूस," ती म्हणाली.

व्हिडिओला एडिटिंगचं पारितोषिक मिळालं, शाल्मलीच्या नावानं. परीक्षकांतल्या एका संगीतकारानं ओजूला पुण्याला येऊन आपल्या मार्गदर्शनाखाली शिकायला बोलावलं. जूनमध्ये ती गेली. निघताना आईच्या पाया पडली, शाल्मलीसमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "माझ्या पुढच्या गाण्याचा व्हिडिओ तू करायचा नाहीस." शाल्मलीनं मान हलवली. आईनं दोघींकडं पाहिलं आणि ओजूची बॅग उचलून फाटकाकडं नेली. त्या दिवसानंतर आई शाल्मलीशी कामापुरतं बोलू लागली.

शाल्मलीला सांगलीतच एका छोट्या स्टुडिओत काम मिळालं. लग्नांचे, शाळांच्या स्नेहसंमेलनांचे व्हिडिओ ती कापायची. काम चोख असायचं, पण नोंदीतले डोंगर सपाट झाले होते. मिरजेला जाणं तिनं बंद केलं. कधी कधी भांडी घासताना ती काहीतरी गुणगुणायची आणि ऐकू आल्यावर थांबायची.

डिसेंबरात ओजूचं नवीन गाणं आलं. शाल्मलीनं ते स्टुडिओत, जेवणाच्या सुट्टीत, एकटीनं पाहिलं. कोकणातल्या एका किनाऱ्यावरचं चित्रण होतं. रंग सुंदर होते, ओजू सुंदर दिसत होती, ज्या कोणी हे जोडलं होतं त्याला ओजू आवडत होती हे सरळ कळत होतं. आवाज आता अधिक भरीव झाला होता. शाल्मलीनं आपल्या आत नेहमीची आग शोधली. होती, पण जागा बदललेली होती. तिनं व्हिडिओ मागं घेतला, परत पाहिला, परत मागं घेतला. मग सहा महिन्यांनी पहिल्यांदा ओजूला फोन लावला.

"एक मिनिट सात सेकंदांवर कोणी कापलं?"

"काय?"

"वरचा सूर लावायच्या आधी तुझा डावा खांदा उचलतो. थोडासाच. त्याच्यावरनं कळतं की आता काहीतरी येणार. तिथंच कापून समुद्र दाखवलाय. समुद्र काय पळून जात होता?"

"माझा खांदा उचलतो?"

"लहानपणापासून. रडायच्या आधीपण उचलायचा."

"मला माहीत नव्हतं."

"तुला कुठनं माहीत असणार."

ओजूच्या मागं कोणीतरी तानपुरा लावत होतं, तार हळूहळू सुरात येत होती.

"ईशान्या नाव आहे तिचं," शेवटी ओजू म्हणाली. "ईशान्या बोकील. चांगली आहे. माझ्याशी हसून बोलते. शूटला मला स्वेटर आणून देते, ताई."

"असेल. पण खांदा कापला तिनं."

"तुला अजून राग येतो माझा?"

शाल्मलीनं खोटं बोलायचा विचार केला. "येतो," ती म्हणाली. "आत्ता तिचा जास्त येतोय."

पलीकडून जे ऐकू आलं ते हसणं होतं की नुसता श्वास, हे तिला ठरवता आलं नाही. ओजूनं "ठेवते" म्हटलं आणि फोन ठेवला.

चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी, शाल्मली एका शाळेचा सामूहिक नाच कापत असताना, संदेश आला. शनिवारी नवीन गाण्याचं शूट आहे. ये. मागं बसायचं. ईशान्याला काही बोलायचं नाही. जे दिसेल ते मला सांगायचं, फक्त मला.

शनिवारी सकाळी ती पहिल्या गाडीनं निघाली. थंडी होती म्हणून तिनं ओजूसाठी लोकरीचे मोजे घेतले होते, जाड, घोट्याच्या वरपर्यंत येणारे. स्वेटर त्या दुसरीनं आधीच दिलेला होता. कऱ्हाड गेलं, सातारा गेला, आणि ती मांडीवर मोजे घेऊन बसली होती, ओठ घट्ट मिटून, त्या ईशान्या बोकीलच्या नजरेतून आणखी काय काय सुटलं असेल याचा विचार करत.